काल नोंदवलेलं डोमेन, आज आलेलं स्पॅम

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोनेकशे मेलबॉक्सचा स्वतःचा सर्व्हर, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि त्यामागे मेलला स्पॅमचे गुण देणारं स्पॅमअसॅसिन. रोज कधी न ऐकलेल्या डोमेनवरून स्पॅम येतं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रेषकाची ओळख पटवणाऱ्या तपासण्या सगळ्या पास असतात आणि सकाळी ब्लॉकलिस्टवर (बदनाम डोमेनांच्या यादीवर) काहीच सापडत नाही. दुपारी शोधावं तर डोमेन काल किंवा आजच नोंदवलेलं निघतं. अनुभवी अ‍ॅडमिन हे वेळेत कसं ओळखतात? आणि ३० दिवसांच्या आतल्या डोमेनवरचे सगळे मेल सरळ नाकारले तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाकारू नका. डोमेनचं वय मेल परत पाठवायला पुरेसं कारण नाही, पण तो थोडा वेळ दाराबाहेर थांबवायला अगदी पुरेसं आहे. नव्या डोमेनचं स्पॅम रोखणं म्हणजे बहुतांशी वेळ काढणं. स्पॅमरला काही तास हवे असतात आणि आपल्याला ते त्याला द्यायचे नसतात.

तुमची ब्लॉकलिस्ट म्हणजे भूतकाळाची नोंदवही. ज्याला भूतकाळच नाही त्याच्याबद्दल ती काय सांगणार? म्हणून स्पॅमर ढिगानं स्वस्त डोमेनं घेतात, स्क्रिप्टनं डीएनएस (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदी) भरतात, काही तास मारा करतात आणि डोमेन याद्यांवर चढायला लागलं की सोडून देतात. एके काळी यासाठी पैसेही पडत नसत. डोमेन घेतल्यावर ५ दिवसांत रद्द केलं तर शुल्क परत मिळायचं, आणि या सवलतीचा लाखोंच्या संख्येनं गैरवापर झाला. डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅननं परताव्यावर मर्यादा घातली तेव्हा, म्हणजे २००९च्या आसपास, तो धंदा बसला. त्यानंतर फुकट डोमेनांसाठी फ्रीनॉम या कंपनीची .टीके, .एमएल, .जीए ही कुटुंबं होती. तिथली नवी नोंदणी २०२३च्या सुरुवातीला थांबली आणि त्याच वर्षी मेटानं फ्रीनॉमवर खटला भरला. आता उरलीत ती पहिल्या वर्षाची सवलत देणारी .टॉप, .शॉप, .क्लिकसारखी टोकं (डोमेनच्या नावाचे शेवटचे भाग). म्हणून .टॉपला थोडे गुण जास्त द्यायला हरकत नाही, पण अख्खं टोक बंद करायच्या आधी महिनाभराचे लॉग चाळा. एखादा चिनी पुरवठादार नेमका तिथेच बसलेला असतो.

एसपीएफ-डीकेआयएम पास कसं होतं, याचं आश्चर्य आता सोडून द्या. त्या तपासण्या एवढंच सांगतात की मेल खरोखर त्याच डोमेनच्या मालकानं पाठवला आहे. मालक चोर असला तरी तो मालकच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. ते योग्यच झालं, पण स्पॅमर ती सक्ती प्रामाणिक छोट्या कंपन्यांपेक्षा मन लावून पाळतात. पूर्ण डीमार्क, नीटनेटका रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आणि आयुष्य दोन तासांचं, हे समीकरण मला तरी आता पास न झालेल्या मेलपेक्षा जास्त खटकतं.

एक नमुना जवळून बघू. अकाउंट्स विभागाला सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी मेल येतो: थकीत इनव्हॉइस, नवा बँक खाते क्रमांक, सोबत पीडीएफ. पाठवणाऱ्याच्या डोमेनमध्ये ओळखीच्या पुरवठादाराचं नाव, एक आडवी रेघ आणि पुढे ‘अकाउंट्स’. आरडॅपवर, म्हणजे डोमेन-नोंदणीची माहिती देणाऱ्या सेवेवर, डोमेन विचारलं की उत्तरात इव्हेंट्स नावाचा भाग येतो, त्यात ‘रजिस्ट्रेशन’ची वेळ असते: आजची तारीख, ०४:१२, शेवटी झेड. झेड म्हणजे यूटीसी. साडेपाच तास मिळवा, ९ वाजून ४२ मिनिटं. म्हणजे मेल आला तेव्हा डोमेनचं वय ८३ मिनिटं होतं. (हे साडेपाच तास मिळवायला विसरून ‘डोमेन पहाटेचं आहे’ असं अहवालात लिहिणारे बरेच आहेत.) मग डीएनएस बघा. एसओए या मुख्य रेकॉर्डचा अनुक्रमांक आजच्या तारखेला ०१ जोडलेला, म्हणजे झोन (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी) आज पहिल्यांदाच लिहिला गेला. हा अनुक्रमांक तारखेवरून ठेवायची जुनी पद्धत सगळे पाळत नाहीत, क्लाउडफ्लेअर आणि अ‍ॅमेझॉनच्या आकड्यांवरून काही कळणार नाही, पण जिथे पाळतात तिथे फुकटात साक्षीदार मिळतो. नेमसर्व्हर (या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचे, जसे मिळाले तसे. एमएक्स (मेल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद) आहे, एसपीएफ आहे, वेबसाइटच्या जागी मात्र पार्किंगचं पान. खऱ्या धंद्यात क्रम सहसा उलटा असतो: आधी साइट उभी राहते, मेल मागून सुरू होतो.

यातली कुठलीच गोष्ट एकटी गुन्हा शाबीत करत नाही. चारही एका मेलमध्ये आल्या की मी तो मेल अकाउंट्सपर्यंत जाऊ देत नाही.

आता हे माणसानं एकेक न बघता सर्व्हरनं कसं बघायचं? इथे एक फरक समजून घ्यायला हवा: ‘नवं नोंदवलेलं’ आणि ‘नवं दिसलेलं’ या दोन वेगळ्या याद्या आहेत. नव्या नोंदण्यांची यादी झोन फाइलमधून, म्हणजे एका टोकाखालच्या डोमेनांच्या फाइलमधून, निघते. .कॉमसारख्या सर्वसाधारण टोकांच्या झोन फाइल आयकॅनच्या सीझेडडीएस सेवेतून रोज मिळतात. कालची आणि आजची ताडून बघितली की मधली भर कळते. अडचण वेळेची आहे. व्हेरिसाइन ही .कॉम चालवणारी कंपनी २००४ पासून तिथलं नवं डोमेन काही मिनिटांत जगभर चालू करते, फाइल मात्र दिवसातून एकदा. म्हणजे वरच्या नमुन्यातलं डोमेन तुमच्या यादीत उद्या येईल. शिवाय .इनसारखी देशांची टोकं त्या सेवेत नाहीतच.

ही फट ‘नवं दिसलेलं’ भरून काढतं. जगभरच्या रिझॉल्व्हरांवर (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरांवर) एखादं नाव पहिल्यांदा विचारलं गेलं की सेन्सर त्याची नोंद घेतात. फारसाइट या कंपनीनं, जी २०२१ पासून डोमेनटूल्सची झाली, ही पद्धत रूढ केली. मेल अ‍ॅडमिनच्या रोजच्या वापरात यातली सगळ्यात सोयीची यादी म्हणजे स्पॅमहॉस या ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेची झेडआरडी. नुकतीच नोंदवलेली आणि बराच काळ निपचित पडून अचानक जागी झालेली डोमेनं ती २४ तास ठेवते आणि मग आपोआप काढून टाकते. तिच्या उत्तराचा आयपी १२७.०.२.२ ते १२७.०.२.२४ असा येतो आणि शेवटचा आकडा म्हणजे डोमेन पहिल्यांदा दिसल्याला झालेले तास. म्हणजे ‘तीन तासांचं’ आणि ‘वीस तासांचं’ यांना वेगळे गुण देता येतात. ती स्पॅमहॉसच्या डीक्यूएस सेवेत आहे, नोंदणी करून किल्ली घ्यावी लागते; स्पॅमअसॅसिन आणि आरस्पॅमडी या दोन्ही स्पॅम-फिल्टरांसाठी तयार नियम मिळतात. याशिवाय स्पॅम ईटिंग मंकीची फ्रेश यादी ५ दिवसांपर्यंतची नोंदणी सांगते आणि तिचे १०, १५, ३० दिवसांचे भाऊबंद आहेत. स्पॅमअसॅसिनच्या नेहमीच्या नियमांत एफएमबीएलए-न्यूडॉम हा गट आधीच आहे, प्रेषकाचं डोमेन ७, १४ की २८ दिवसांच्या आतलं आहे हे तो बघतो. तुमच्याकडे तो चालू असेल, फक्त त्याचे गुण कुणी कधी पाहिले नसतील.

आरडॅपला प्रत्येक मेलसाठी विचारू नका. सर्वसाधारण टोकांसाठी हूइज या जुन्या चौकशी-सेवेची सक्ती २८ जानेवारी २०२५ला संपली, आता अधिकृत उत्तर आरडॅपचंच. पण तो सर्व्हर मेलच्या वेगानं विचारण्यासाठी नाही, मर्यादा ओलांडली की गप्प बसतो. मी तो फक्त तेव्हाच विचारतो जेव्हा डोमेन आपल्याला अनोळखी आहे आणि मेलमध्ये दुसरं काहीतरी खटकलेलं आहे. मिळालेली तारीख जपून ठेवायची. नोंदणीची तारीख बदलत नाही, डोमेन सुटून दुसऱ्यानं घेतलं तर मात्र बदलते, म्हणून जपलेली नोंद महिन्यानं शिळी समजा.

दोन खड्डे आहेत, दोन्हींत लोक पडलेले मी पाहिलेत. पहिला खड्डा को.इनचा. स्क्रिप्टनं शेवटचे दोन तुकडे घेऊन वय विचारलं तर तुम्ही ‘को.इन’चं वय विचारता, ते म्हातारं निघतं आणि आज जन्मलेलं कुठलंही को.इन डोमेन बिनबोभाट आत येतं. पब्लिक सफिक्स लिस्ट वापरा, को.इनसारखे शेवट सांगणारी ती यादी नेमकी यासाठीच आहे. फुकट साइट देणाऱ्या मोठ्या सेवांच्या उपडोमेनांचं तेच: मुख्य डोमेन वीस वर्षांचं, वर लावलेलं नाव आजचं. दुसरा खड्डा रिझॉल्व्हरचा. स्पॅमहॉसच्या याद्यांचे मोफत मिरर सर्व्हर गुगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारले तर उत्तर येतं १२७.२५५.२५५.२५४, अर्थ ‘इथून विचारू नका’. ज्या सर्व्हरवर ‘कुठलंही उत्तर म्हणजे दोषी’ असं लिहिलेलं असतं तो त्या क्षणापासून सगळ्या जगाचे मेल परत पाठवतो. पोस्टफिक्सच्या आरएचएसबीएल नियमात (डोमेन यादीत आहे का हे बघणाऱ्या) यादीच्या नावापुढे कुठली उत्तरं मानायची तो पल्ला लिहिता येतो. तो लिहा, आणि अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा. नवा नियम पहिले काही दिवस वॉर्न-इफ-रिजेक्टखाली ठेवा, म्हणजे लॉगमध्ये फक्त नोंद होईल.

कुठलं डोमेन तपासायचं, हाही प्रश्न आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात. फ्रॉमचं डोमेन तपासून समाधान मानतात. पण मेलमध्ये डोमेनं अनेक असतात: रिटर्न-पाथचं (न पोचलेला मेल जिथे परततो तो पत्ता), पाठवणाऱ्या सर्व्हरनं हेलोमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला, सांगितलेलं, आयपीच्या रिव्हर्स नावाचं, डीकेआयएम सहीचं, रिप्लाय-टूचं, मजकुरातल्या लिंकांचं, आणि प्रेषक डोमेनच्या नेमसर्व्हरांचं. रिप्लाय-टू सगळ्यात दुर्लक्षित. फ्रॉममध्ये कुणाचा तरी हॅक झालेला जुना खरा मेलबॉक्स आणि उत्तर जाणार कालच्या डोमेनला, ही जोडी बिल-फसवणुकीत फार दिसते, आणि इथे गुण द्यायला मी कचरत नाही. खऱ्या माणसाला जुन्या पत्त्यावरून लिहून उत्तर नव्या डोमेनवर मागायची वेळ क्वचितच येते. लिंकांचं वय तपासायला स्पॅमअसॅसिनचे यूआरआय नियम आहेत. लिंक आधी एखाद्या प्रतिष्ठित सेवेच्या रीडायरेक्टवर आणि तिथून नव्या डोमेनवर जात असेल, किंवा पीडीएफमधल्या क्यूआर कोडात दडलेली असेल, तर ते थिटे पडतात. नेमसर्व्हरवरून पकडणं जुनं तंत्र आहे आणि अजून चालतं. स्पॅमर शंभर डोमेनं बदलतो, पण नेमसर्व्हरचं डोमेन बदलायचा कंटाळा करतो. पोस्टफिक्समध्ये प्रेषकाच्या नेमसर्व्हरवर नियम लावता येतो, एका ओळीत अख्खी वसाहत बंद होते.

या सगळ्या याद्या जमवून झाल्या तरी मला एकच हत्यार ठेवायला सांगितलं तर मी बाहेरची यादी ठेवणार नाही. मी ठेवेन आपल्याच सर्व्हरची आठवण: हे डोमेन आपल्याकडे पहिल्यांदा कधी दिसलं, आणि आपल्यापैकी कुणी त्याला कधी मेल लिहिला आहे का. मागच्या वर्षभराचे लॉग गाळून डोमेनांची यादी रेडिस या डेटाबेसमध्ये भरा, दोनशे मेलबॉक्सची कंपनी एकूण किती थोड्यांशी बोलते ते बघून तुम्हाला नवल वाटेल. आरस्पॅमडीत यासाठी नोन-सेंडर्स नावाचं मॉड्यूल आहे, स्पॅमअसॅसिनसोबत छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल. जगाला नवं आणि आपल्यालाही नवं, ही खरी धोक्याची जोडी. जगाला नवं पण आपल्या सेल्सच्या माणसानं काल स्वतःहून लिहिलेलं असेल तर तो मेल बिनधास्त जाऊ द्या.

आता कारवाई. ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी प्रेषकाला ‘थोड्या वेळानं या’ सांगणं, २००३ मध्ये आलं तेव्हा त्याची मदार अशी होती की बॉट पुन्हा प्रयत्न करत नाहीत. आजचे स्पॅमर खरे मेल सर्व्हर चालवतात आणि नीट पुन्हा येतात, म्हणून अनेकांनी ग्रेलिस्टिंग मोडीत काढलं. सगळ्या जगासाठी ते मोडीत काढा, मीही काढलं आहे. ओटीपी उशिरा आला की लोक मेल अ‍ॅडमिनलाच शिव्या घालतात. पण जगाला आणि आपल्याला दोघांनाही नव्या असलेल्या डोमेनांसाठी ते ठेवा, आणि पाच मिनिटांऐवजी काही तासांचं ठेवा. ४५१ (‘आत्ता नाही, नंतर या’) देऊन परत पाठवलं की खरा सर्व्हर पुन्हा येतोच. मेलचे नियमच सांगतात की प्रेषकानं चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, पोस्टफिक्सचा स्वतःचा रांगेतला मुक्कामही ५ दिवसांचा. सकाळी ११चा मेल दुपारी ३ला पुन्हा आला तर तोवर डीबीएल, एसयूआरबीएल, यूआरआयबीएल या ब्लॉकलिस्टांपैकी कुणीतरी त्या डोमेनला नाव ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. तुमच्याआधी ज्यांच्याकडे मारा झाला त्यांच्या तक्रारी तुमच्या कामी येतात. ज्या प्रेषकांचा प्रत्येक प्रयत्न वेगळ्या आयपीवरून येतो त्यांच्यासाठी ओळख आयपीवर न ठेवता डोमेनवर ठेवा, नाहीतर खरा मेल दिवसभर दारात फिरत राहील.

ज्यांना उशीर चालतच नाही, त्या मेलबॉक्ससाठी गुणांचा मार्ग. स्पॅमअसॅसिनचा नेहमीचा उंबरठा ५ आहे. मी २४ तासांच्या आतल्या डोमेनला २, आठवड्याच्या आतल्याला १, आपल्याला अनोळखी असल्यास आणखी १ देतो. वय एकटं कधीच उंबरठा ओलांडणार नाही एवढं पाहायचं. रिप्लाय-टू नवं असेल किंवा नाव आपल्या पुरवठादारासारखं असेल तर जोडीचा नियम लिहून सरळ क्वारंटाईन, म्हणजे मेल बाजूला काढून ठेवायचा.

एवढी सावधगिरी का, तर नव्या डोमेनांत प्रामाणिक माणसंही भरपूर असतात. पालो अल्टो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२नं २०१९ मध्ये ३२ दिवसांपर्यंतची डोमेनं तपासली तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त घातक, संशयास्पद किंवा कचेरीत उघडण्याजोगी नसलेली निघाली. आकडा मोठा आहे, पण संशयास्पद आणि अश्लील धरून आहे. उरलेल्यांत तुमचं नवं गिऱ्हाईक असू शकतं. आपल्याकडचं ताजं उदाहरण बँकांचं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इनवर जायला सांगितलं. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांची संख्या केवढी, वर्षानुवर्षं .कॉम किंवा को.इनवरून स्टेटमेंट पाठवणाऱ्या बँका एकदम कोऱ्या नावावरून मेल पाठवू लागल्या. नुसतं वय बघणारा फिल्टर त्यांनाच अडवतो. उलट ही नावं फक्त रिझर्व्ह बँकेनं स्थापलेल्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत आणि फक्त बँकांना मिळतात, म्हणून .बँक.इनखालचं डीमार्क पास झालेलं नाव नवं असलं तरी मी वयाचा नियम त्याला लावत नाही. आणि बँकेच्या नावानं आलेला, पण .शॉपवर संपणारा मेल आता आणखी स्वच्छपणे वेगळा पडतो.

या सापळ्यात न अडकणारे कोण, तेही माहीत हवं. डोमेन घेऊन काही महिने मुरवत ठेवणारे. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीतल्या घुसखोरीच्या प्रकरणात हल्लेखोरांनी वापरलेलं मुख्य डोमेन २०१८चं होतं, प्रकरण उघड झालं २०२० डिसेंबरमध्ये. ते हेरगिरीचं प्रकरण, साध्या स्पॅमरला एवढा धीर नसतो, पण महिना-दोन महिने मुरवणारे आता बरेच आहेत. म्हणूनच ३०-दिवसांच्या भिंतीवर माझा फारसा विश्वास नाही आणि निपचित डोमेन जागं झालेलं ओळखणाऱ्या याद्यांवर जास्त आहे. सुटायच्या आधीच लिलावात घेतलेल्या जुन्या डोमेनची तारीखही जुनीच दिसते. हॅक झालेल्या खऱ्या साइट आणि जीमेलवरून येणारी फसवणूक हा विषयच निराळा, वयाचा नियम तिथे काहीच करत नाही.

तुमच्या कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती डोमेनं मात्र मेल यायच्या आधीच सापडू शकतात. डीएनएसट्विस्ट नावाचं साधन तुमच्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगा आणि जोडणी करून कोणती नोंदवली गेलीत ते सांगतं. रोज रात्री चालवा. शिवाय क्रोमनं एप्रिल २०१८ पासून साइटच्या नव्या सुरक्षा-सर्टिफिकेटांची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये सक्तीची केली आहे, त्यामुळे फसव्या साइटनं सर्टिफिकेट घेतलं की ते सीआरटी.एसएचसारख्या ठिकाणी दिसतं. आपलं नाव आणि चार मोठ्या पुरवठादारांची नावं एवढ्यावर पाळत पुरे. सापडलं की पोस्टफिक्सच्या यादीत टाका आणि रजिस्ट्रारला मेलच्या पूर्ण हेडरसह (माथ्यावरच्या तांत्रिक नोंदींसह) तक्रार करा. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारानुसार पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला कारवाई करणं बंधनकारक आहे. स्क्रीनशॉट पाठवू नका, हेडर पाठवा.

आणि कधी तुमच्याच कंपनीनं नवं नाव घेतलं, तर मार्केटिंगला आधीच सांगून ठेवा की उद्घाटनाच्या दिवशी त्या नावावरून दहा हजार निमंत्रणं जाणार नाहीत. डोमेन दोन महिने आधी घ्या, साइट उभी करा, पहिले काही आठवडे फक्त ओळखीच्या लोकांशी नेहमीचा पत्रव्यवहार त्यावरून करा. निमंत्रणं जुन्याच डोमेनवरून पाठवा.